मातीत किती वेळ

शॉक लागलेला माणूस दवाखान्यात आणला की सोनकांबळे सिस्टर आधी त्याचे कान बघत. उजव्या हातात त्याचं मनगट, छातीला उलट्या टांगलेल्या घड्याळावर एक नजर, आणि मधेच दुसरी नजर कानाच्या पाळीमागं. तिथं, नाहीतर नखात, नाहीतर केसांच्या मुळाशी काळी माती दिसली की बरोबर आलेल्यांना पहिला प्रश्न. आवाज चढवून नाही. पाहुण्याला 'जेवलाव का' विचारावं तसा.

"मातीत किती वेळ होता?"

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. बाईला सांगितलं कुणी, हे त्यांना कळायचं नाही. मग एखादा म्हातारा खाकरून म्हणायचा, "हाय आपलं, अर्धा घंटा."

"म्हंजे घंटाभर," असं पुटपुटत सिस्टर रजिस्टरात लिहायच्या.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात माणसाला विजेचा झटका बसला की खड्डा खणून मानेपर्यंत मातीत पुरायचे. माती अंगातला करंट ओढून घेते, असं सगळे धरून चालायचे. त्यात अडाणी आणि शिकलेला असा फरक नव्हता. माझे वडील धर्माबादच्या अडतीवर हमाल होते, त्यांचा यावर पक्का विश्वास. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., नांदेडला वसतिगृहात राहून झालो, आणि खरं सांगायचं तर सिस्टर भेटेपर्यंत माझाही होता.

लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास मी त्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात कारकून म्हणून लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाचतील आणि माझ्या चुका काढतील. पेंटरनं पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवलं होतं, पण रंग पातळ, म्हणून खालचं उस्मानाबाद उन्हात वर दिसायचं. शिक्के जुनेच होते. आम्ही शिक्का मारून हातानं खोडायचो आणि लातूर लिहायचो. सगळ्यांच्या अंगात मात्र नव्या जिल्ह्याचा उत्साह होता. आता सगळं होणार, असं शिपाईसुद्धा म्हणायचा.

सोनकांबळे सिस्टर माझ्याआधी वर्षभर तिथं आल्या होत्या. किनवट तालुक्यातल्या जंगलातल्या गावच्या. वडील छपन्न साली बौद्ध झालेले, पोरीला शिकवायचं एवढाच हट्ट धरून मेलेले. नांदेडला नर्सिंगचं शिक्षण झालेलं. बुटक्या, भरल्या हाडापेराच्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला एवढा घट्ट खोचलेला की आता या बाई कुस्तीला उतरतात की काय असं वाटावं. बोलणं किनवटकडचं. आमच्या इथली माणसं 'का' म्हणायची, सिस्टर 'कामून' म्हणायच्या, आणि त्यावरून कुणी हसलं तर त्याला मुद्दाम आणखी दोनदा 'कामून' ऐकवायच्या.

आमची पहिली भेट भांडणाची. सरकारी रजिस्टरात नाव, वय, गाव, आजार, उपचार आणि शेरा एवढेच रकाने. शेऱ्याच्या रकान्यात सिस्टरनी पट्टीनं उभी रेघ मारून एक बारका रकाना काढला होता. वर लिहिलं होतं, 'मातीत किती वेळ'. मला नोकरीत महिना झालेला, नियम तोंडपाठ. मी रजिस्टर घेऊन वॉर्डात गेलो.

"सिस्टर, हा रकाना नमुन्यात नाही."

"नमुना कुणी केला?"

"वरून आलाय. मुंबईहून."

"मुंबईत माणसाला शॉक लागल्यावर पुरतेत का?"

"नाही."

"मंग त्यांना रकाना कामून लागंल? आपल्याला लागतो."

त्यांचं म्हणणं पटत होतं. पण हार मानणं जिवावर आलेलं. मी म्हणालो, "रकाना काढलाच तर कोरा ठेवता येत नाही. त्याखाली सगळ्यांचं लिहावं लागतं. काहीच नसेल तर 'निरंक' लिहायचं."

"काय?"

"निरंक. म्हणजे काही नाही."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "निरंक. झ्याक हाय. ताप-खोकल्याला मी नुस्ती रेघ मारीन, तुमच्या नियमाला चाललं तर चाललं. हे निरंक शॉकवाल्यासाठी ठेवू. पण ते लिहायला लई दिवस लागतील, बी.ए."

त्या दिवसापासून मी बी.ए. झालो. माझं नाव त्यांनी पुढं कधीच घेतलं नाही. "ये बी.ए., ती खुर्ची सरकव." "बी.ए., चहा सांग." माझ्या डिग्रीचा इतका वापर विद्यापीठानंसुद्धा केला नाही.

नाडी मोजण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. बाकीच्या सिस्टर पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायच्या. या पूर्ण मिनिट मोजायच्या. रांग लागलेली असो, डॉक्टरसाहेब खोळंबलेले असोत, मनगट धरलं की मिनिटभर दुनिया बंद. एकदा नव्या सिस्टरनं विचारलं, एवढं कशाला, गुणाकार येत नाही का.

"चोवीस चोक शहाण्णव मला बी येतंय बाई," त्या म्हणाल्या. "पण पंधरा सेकंद नीट चाललेलं काळीज सोळाव्याला काय करतंय ते पाढ्यात न्हाई."

आणि काळजाला विजेनं काय होतं, हे मला पुस्तकानं नाही, त्यांनी सांगितलं. दुपारी बाहेरच्या ओट्यावर बसून त्या नातेवाइकांना सांगायच्या, मी खिडकीतून ऐकायचो.

"काळजाला त्याचा सोताचा करंट असतो. बारका. आईच्या पोटातच जोडून आलेला. त्याच्यावर ते चालतंय. आता खळ्यावर तुमी मळणीला बैलं जुंपता न्हाई का, चार बैलं एका पातीत, सगळी एका दिशेनं गोल. तसं काळजाचं मांस एका तालात आवळतं, तवा रक्त फुडं जातं. भायेरचा मोठा करंट घुसला की बैलं बुजतेत. एक हिकडं, एक तिकडं. धडपड लई, पण मळणी व्हईना. काळीज नुस्तं थरथरतंय, रक्त ढकलंना. अशा टायमाला माणूस मातीत घालून बसलं तर काय व्हईल?"

"पण करंट माती ओढती म्हंतेत, सिस्टर."

"करंट अंगात थांबतच न्हाई, बाबा. तार सुटली की तो गेला. तो काय मुक्कामाला आलाय का? पण जाता जाता काय हलवून गेला, ते बघावं लागतं. एका हातानं शिरून दुसऱ्या हातानं निघाला तर वाटेत काळीजच लागतंय."

पुढची दोन वर्षं पावसानं ओढ दिली. शॉकची माणसं वाढली ती तेव्हा. विहिरींचं पाणी खाली गेलं, म्हणून लोकांनी मोटारी खाली उतरवल्या. मोटार खाली गेली की वायर पुरेना. मग जोड मारायचे, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, दोऱ्यानं बांधायचं. दुष्काळ म्हटलं की सगळे चाऱ्याचं आणि पाण्याचं बोलायचे; सिस्टर म्हणायच्या, माझ्या वॉर्डात दुष्काळ वायरीच्या जोडातून येतो.

असल्याच एका सकाळी दवाखान्याच्या मागच्या ओढ्याकडून ओरडा आला. ओढ्यापलीकडं हाकेच्या अंतरावर वस्ती होती. तिथल्या एका बऱ्यापैकी जमीनदार घरातली सून धुणं वाळत घालत होती. वाळवणीची तार पत्र्याच्या खिळ्याला बांधलेली, पत्र्यावरून विजेची वायर गेलेली, ती कुठंतरी सोललेली. ओल्या लुगड्यासकट बाई तारेला चिकटली. दिरानं काठीनं तार पाडली, आणि दोघा-तिघांनी तिला उचलून पळत ओढ्यात आणली. खड्डा खणायचीही गरज नव्हती. कोरड्या ओढ्यात वस्तीच्या बायांनी पाण्यासाठी झिरा खणलेला, कमरेएवढा. त्यात तिला उभी करून वाळू लोटायला सुरुवात झाली होती.

सिस्टर मागच्या दारानं पळाल्या. मी त्यांच्या मागं. मी तरणा, पण मला त्यांना गाठता आलं नाही.

त्या सरळ झिऱ्यात उतरल्या. बाईच्या मानेला बोट लावलं, नाकाशी गाल नेला आणि म्हणाल्या, "वर काढा."

"बाई, आताच घातलीय," दीर म्हणाला. "करंट उतरू द्या की."

"करंट कवाच गेला. ती मरायलीय. काढा वर."

त्या आवाजानं माणसं हलली. बाईला वाळूवर आडवी केली. सिस्टरनी मान मागं केली, नाक दाबलं आणि तिच्या तोंडावर तोंड ठेवायला वाकल्या. तेवढ्यात सासू पुढं आली. तिला सिस्टरचं आडनाव माहीत होतं. सगळ्या गावाला होतं.

"तोंड लावणार?"

"तोंडच लावणार. जात इचारायला तरी उठली पायजे का नको ती?"

सासू मागं सरली. सिस्टरनी दोनदा श्वास भरला, मग वर बघितलं. श्वास भरायचा आणि छातीही दाबायची, एकटीनं दोन्ही कामं भागणार नव्हती. माझ्याकडं बघितलं, मी उभा होतो तसा थिजलेलो. मग त्यांची नजर घागर घेऊन उभ्या असलेल्या एका बाईवर गेली. कौसाबाई तिचं नाव, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी, दंडाची हाडं वर आलेली.

"तू. बहात्तरला रोडच्या कामावर होतीस का?"

"होते की," कौसाबाई म्हणाली, घाबरून.

"धुम्मस मारली?"

"हाव. चार महिने."

"घागर ठेव. हितं बस. हे मधलं हाड, ह्याच्यावर दोन्ही तळवे. धुम्मसची चाल आठव. तीच. दाब आन् सोड."

धुम्मस म्हणजे मुरूम ठोकून बसवायचं लाकडी दांड्याचं जड लोखंड. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातल्या बायांनी रस्ते ठोकले ते त्यानं. सिस्टरही शाळा सोडून एक वर्ष त्याच कामावर होत्या. बायका एका तालात उचलायच्या, एका तालात सोडायच्या. ताल चुकला की शेजारणीच्या पायावर बसायची. ती चाल कौसाबाईच्या हातात दहा-बारा वर्षांनी तशीच होती.

"हाड मोडंल, सिस्टर."

"मोडू दे. हाड जुडतंय."

मी मोजत होतो असं म्हणणं खोटं होईल. मला एवढंच आठवतं की झिऱ्यात तळाला पाणी हळूहळू जमत होतं, आणि ओढ्यात एवढी माणसं असून कौसाबाईच्या हुंकाराशिवाय आवाज नव्हता. मग त्या सुनेच्या घशातून घरघर आली. ती खोकली. सिस्टरनी कौसाबाईचा हात धरून थांबवला, मनगट घेतलं, आणि तिथंच वाळूत बसून, घड्याळ बघत, पूर्ण एक मिनिट.

त्या दिवशी रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'कमरेपर्यंत, दोन मिनिटं.' दुसऱ्या दिवशी सासू डबा घेऊन आली. सुनेसाठी एक, सिस्टरसाठी एक. सिस्टरनी डबा घेतला, कौसाबाईला बोलावून आणलं आणि सासूच्या समोर दोघींनी त्यातलं खाल्लं. सासू बघत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "अजून भाकर आणू का?"

खाजाभाईंची गोष्ट त्यानंतरची. खाजाभाई वायरमन. शॉक लागणं हा त्यांच्या बोलण्यातला आवडता विषय. कुणी क्रिकेटच्या धावा सांगतं तसे ते बसलेले झटके सांगायचे. एकदा सकाळी डीपीवर काम करताना त्यांना जोराचा बसला, खाली पडले, उठले, विडी ओढली, आणि हाताला भाजलंय त्यावर मलम घ्यायला चालत दवाखान्यात आले.

"सिस्टर, थोडा मलम लगा दो. फिर मला बारा वाजता खांबावर चढायचंय."

सिस्टरनी मनगट धरलं. खाजाभाई मला डोळा मारून म्हणाले, "बघा, बाईंना आमची लई फिकीर."

अर्धं मिनिट झालं. सिस्टरचा चेहरा बदलला नाही, पण बोटं थोडी घट्ट झाली, ते मी पाहिलं. मिनिट संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आडवे व्हा."

"अहो, आमचं रोजचंच हाय."

"रोजचं असंल. आज ठोका चुकायलाय. मधीच तीन-चार येगळेच पडायलेत. खांबावर चढायचं न्हाई."

दवाखान्यात ईसीजीचं मशीन नवं आलं होतं, नव्या जिल्ह्याबरोबर. पण ते साहेबांच्या खोलीतल्या कपाटात, वर भरतकामाचं फडकं घालून, कुलपात. धूळ बसेल, कुणी बिघडवेल, ही साहेबांची काळजी. साहेब वाईट नव्हते. सरकारी वस्तू हरवल्याचा चटका एकदा खाल्लेला माणूस. त्या दिवशी ते मीटिंगला लातूरला गेलेले, चावी त्यांच्या खिशात.

सिस्टर स्टोअरमधून ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "बी.ए., तू तोंड तिकडं कर. तू बघितलं न्हाईस."

दोन दणक्यात कुलूप पडलं. मशीनचे रबरी पट्टे खाजाभाईंच्या हातापायाला बांधले, कागदाची पट्टी सुरू झाली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सारख्या सारख्या टोकांच्या रांगेत मधेच रुंद, बेढब डोंगर येत होते ते माझ्यासारख्या कारकुनालाही दिसले. खाजाभाईंनी मान उचलून पट्टी बघितली आणि मान परत उशीवर टेकली.

त्यांना खाटेवर ठेवून सिस्टर शेजारी स्टूल घेऊन बसल्या. जीप बोलावली होती. पाऊण तासानं खाजाभाई काहीतरी विनोद सांगत होते, आणि अर्ध्या वाक्यात त्यांचे डोळे वर गेले. सिस्टर उठल्याच होत्या. छातीवर मूठ मारली, दोन्ही तळवे टेकवले, तीच धुम्मस. मोजून वीस-पंचवीस दाबांनंतर खाजाभाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "मारता क्यूं?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या वेळी ते खांबावर असणार होते, हे खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात आलं.  जीपनं त्यांना लातूरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, पट्टीचा अर्धा तुकडा त्यांच्या खिशात घालून. आठवड्यानं ते परत आले.

साहेबांनी मेमो काढला. टाईप मीच केला. 'कपाटाचे कुलूप विनापरवानगी तोडल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल.' तेव्हा सिस्टरची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कार्यवाही झाली असती तर किनवटला परत जावं लागलं असतं, घरी म्हातारी आई आणि भावाची बायको-लेकरं त्यांच्यावरच होती. मला मेमो टाईप करताना लाज वाटत होती, म्हणून मी खुलासाही लिहून दिला. दोन पानं. 'मानवतेच्या उदात्त दृष्टिकोनातून' असं सुरू केलं होतं.

त्यांनी वाचलं आणि परत दिलं. "हे लई गोड झालंय, बी.ए. पोटात दुखंल साहेबाच्या."

मग त्यांनी स्वतः लिहिलं. तीन ओळी. 'कुलूप मी तोडले. पट्टीचा उरलेला तुकडा सोबत जोडला आहे. यापुढे चावी कुठे ठेवावी ते कळवावे.'

मी म्हणालो, सिस्टर, नोकरी जाईल. तेव्हा त्यांनी मला भावाचं सांगितलं. एकदाच. मी विचारलं नव्हतं.

"माझा भाऊ गावात गिरणीवर होता. मी ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी. गिरणीच्या मोटारीचा शॉक लागला. लोकांनी पुरला. मी गेले, मानेला बोट लावलं. चालू होतं, बी.ए. लटलट, पण चालू होतं. श्वास नव्हता. मला शिकवलं होतं काय करायचं ते. पुस्तकात चित्र होतं. पण भवताली सगळे मोठे माणसं, चुलते, मामा. मी पोरगी. मी बोलले न्हाई. बोट तिथंच ठेवून बसले, की माती ओढंल, आत्ता ओढंल. माझ्या बोटाखाली बंद झालं."

 मग मेमोच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "तवा तोंड उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरी म्या उघडलं न्हाई. आता कुलपाला परवानगी इचारत बसू का?"

खुलासा मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तीन ओळी वाचल्या. पट्टी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, टोकापासून टोकापर्यंत बघितली. ते डॉक्टर होते. ते डोंगर त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. मला म्हणाले, "फाईल बंद करा." दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या भिंतीला एक खिळा ठोकलेला आणि त्यावर चावी लटकत होती. फडकं मात्र साहेबांनी मशीनवर राहू द्यायला लावलं.

खाजाभाई त्यानंतर सिस्टरचे बिनपगारी प्रचारक झाले. लाईनच्या कामाला ज्या गावी जातील तिथं चावडीवर भुशाचं अर्धं पोतं माणसासारखं आडवं करून दाखवायचे. आधी मेन स्विच बंद. बंद करता येत नसेल तर कोरडं लाकूड. हात लावायचा नाही. श्वास नसेल तर छाती दाबा, आणि शुद्धीवर आला, चालायला लागला, तरी दवाखान्यात आणा, कारण मी पण चालतच आलो होतो, असं सांगायचे. बाजाराच्या दिवशी सिस्टर स्वतः दवाखान्याच्या ओट्यावर पोतं टाकायच्या आणि बायांना बोलवायच्या. कौसाबाई शेजारी, हाताखाली. "बहात्तरवाल्या कोण कोण हायेत?" असं त्या विचारायच्या, आणि निम्मे हात वर यायचे. ज्या वर्षानं त्या बायांना उपाशी ठेवलं, त्या वर्षाचं नाव घेऊन त्यांना ताठ मानेनं पुढं येताना मी पाहिलं. तरण्या पोरी हसायच्या, म्हाताऱ्या त्यांना बाजूला सारून म्हणायच्या, "हट, तुला चाल येत न्हाई."

रकान्यातल्या नोंदी मी बघत होतो. घंटाभर, अर्धा घंटा, थोडा वेळ, गाडी येईपर्यंत. कमी होत होत्या, पण सिस्टरनी राखून ठेवलेला तो शब्द काही येत नव्हता. माती थोडी तरी लावल्याशिवाय लोकांना राहवायचं नाही. छाती दाबायचे आणि वरून मूठभर माती टाकायचे. सिस्टर मूठभर मातीसुद्धा लिहायच्या.

पाच वर्षांनी माझी नांदेडला बदली झाली. विष्णुपुरीच्या बाजूला एका कार्यालयात. आदेश आला, चार्ज दिला, शेवटच्या दिवशी दुपारी वॉर्डात निरोप घ्यायला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "जा, नांदेडला गेलास की मला इसर. पण तिथल्या रजिस्टरात काही कमी असलं तर रेघ मार."

मी उत्तर देणार तेवढ्यात फाटकात टेम्पो थांबला. मागच्या हौद्यात एक चाळिशीचा शेतकरी आडवा, आणि त्याच्या छातीशी गुडघ्यावर कौसाबाई. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, अगदी सिस्टरसारखा. त्या दिवशी ती त्या माणसाच्या रानात कामाला होती. मोटार सुरू करताना तो चिकटला होता. तिनं स्विच पाडला, आणि त्याच्या भावांना बाजूला सारून ती बसली होती.

माणूस श्वास घेत होता. सिस्टरनी मनगट धरलं. नजर सवयीनं कानामागं गेली. मग दुसऱ्या कानामागं. मग नखं बघितली. पावलं बघितली. मग अंगरखा वर करून पाठ बघितली, आणि तसंच मनगट धरून त्यांनी कौसाबाईला विचारलं,

"मातीत किती वेळ?"

कौसाबाई दमलेली होती. ती चिडली.

"कसली माती? मी काय येडी हाय का, सिस्टर?"

भावांपैकी एकजण अपराध्यासारखा म्हणाला, "आमी खोरं आणलं होतं. ह्या बाईनं ढकलून दिलं."

 सिस्टरनी माणसाला आत घेतलं, पट्टे बांधले, खिळ्यावरची चावी, मशीन, पट्टी. पट्टीवर टोकं सारखी होती. तरी उद्या सकाळपर्यंत हलायचं नाही असं त्याला बजावून त्यांनी रजिस्टर ओढलं. नाव, वय, गाव, शॉक. उपचाराच्या रकान्यात कौसाबाईचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. मग पेन त्या बारक्या रकान्यावर थांबला.

"बी.ए., ते काय लिहायचं म्हनला होतास? काहीच नसलं तर?"

"निरंक."

"सांग एक एक अक्षर. सरकारी शब्द हाय, चुकायला नको."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, दाबून, की खालच्या पानावरही उमटावं. रजिस्टर कौसाबाईपुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या शब्दावरून बोट फिरवलं.

माझी बस होती. मी दारातून मागं वळून बघितलं तेव्हा सिस्टर परत स्टुलावर बसल्या होत्या. त्या माणसाचं मनगट हातात, नजर उलट्या घड्याळावर. टेम्पोवाला पुढचं काहीतरी विचारत होता. त्यांनी त्याला हातानं थांबवलं. मिनिट अजून पूर्ण व्हायचं होतं.